दिवाणखाना आणि बंद खोली

जुन्या वाड्यांतून हिंडण्याचा ज्यांना योग आला आहे त्यांना एक अनुभव खचित आला असेल. ओसरी, दिवाणखाना, माजघर, देवघर, बळद, सर्व कांहीं घरमालक मोठ्या हौसेनें दाखवितो. परंतु जिन्याच्या वळणावरची एखादी खोली मात्र कुलूपबंद असते, आणि तिच्याविषयीं विचारलें तर 'तेथें अडगळ आहे' एवढेंच उत्तर मिळतें. घरांतल्या म्हाताऱ्या मोलकरणीस विचारावें, तर ती अडगळीचें नांव घेत नाहीं. आवाज उतरवून एखाद्या बाईचें नांव घेते. घराचा इतिहास दिवाणखान्यांतील तसबिरींत थोडा आणि त्या खोलींत फार असतो, असें आम्हांस वाटत आलें आहे.

प्रस्तुत लेखांत या बंद खोलीचा विचार करण्याचें योजिलें आहे, आणि त्यासाठीं वाचकांस आम्ही प्रथम बरेंच दूर, न्यूयॉर्क शहरीं, नेणार आहों. ईडिथ व्हार्टन (१८६२–१९३७) या अमेरिकन लेखिकेनें त्या शहरांतील श्रीमंत कुलांच्या प्रेमाच्या व मानापमानाच्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्याच लेखणीनें भुतांच्या गोष्टीहि लिहिल्या. 'दि एज ऑफ इनोसन्स' या त्यांच्या कादंबरीस १९२१ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. कादंबरीसाठीं तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. भुतांच्या गोष्टी मात्र पुष्कळ वाचक करमणुकीच्या फडताळांत टाकून देतात. आमचें म्हणणें असें कीं, हीं दोन्ही एकाच घराचीं दालनें आहेत. कादंबरी हा त्या घराचा दिवाणखाना, आणि भुताची गोष्ट ही त्याची बंद खोली. एकीवांचून दुसऱ्याचा अर्थ पुरता लागत नाहीं.

न्यूयॉर्कच्या श्रीमंतांचें वऱ्हाडच्या माणसास काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कापसांत आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांत गुलामांच्या श्रमानें पिकलेला कापूस विलायतेस धाडणें, त्यावर कर्ज देणें, त्याचा विमा उतरविणें आणि दलाली घेणें हा न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांचा मोठा धंदा होता. १८६१ सालीं त्या देशांत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें रोखलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून बंद पडूं लागल्या. तेव्हां गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईंत कापसाचे भाव असे चढले कीं शेअरांच्या सट्ट्यांत सारें शहर वेडें झालें. १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळले आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. परंतु कापसाचा माग काढीत आलेला व्यापार मागें फिरला नाहीं. १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं असलेल्या वऱ्हाडांतून आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. आमचा जिल्हा त्या वेळीं वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हें नांव त्यास १९०५ सालीं मिळालें. येथील कापूस बैलगाड्यांनीं धामणगांव स्टेशनाकडे जाऊं लागला. पुढें मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली, जिन-प्रेस उभे राहिले, आणि कापसाच्या पैशांतून दुमजली वाडे, बिलोरी झुंबरें व विलायती आरसे आमच्या मुलुखांत आले.

त्याच युद्धाच्या धामधुमींत, १८६२ च्या जानेवारींत, न्यूयॉर्कच्या एका कुलीन घरांत ईडिथ जोन्स जन्मल्या. घरचें उत्पन्न शहरांतील मिळकतींच्या भाड्याचें. युद्धानंतर चलनाची किंमत घसरली तेव्हां काटकसरीसाठीं हें कुटुंब १८६६ सालीं युरोपांत गेलें व तेथें सहा वर्षें राहिलें. म्हणजे ज्या युद्धानें वऱ्हाडांत वाडे उठविले, त्याच युद्धानें न्यूयॉर्कच्या एका घरास कांहीं काळ कुलूप लाविलें. इतिहासाच्या अशा जोडण्या पाहिल्या कीं दूरचें व जवळचें हा भेद फारसा टिकत नाहीं.

त्या शहरांतील वरच्या थराचा 'समाज' म्हणजे मूठभर माणसें. आस्टरबाईंच्या नाचघरांत जेवढीं मावतील तेवढींच खरीं, बाकीचीं जमेंत धरावयाचीं नाहींत, अशी समजूत. आणि तो आंकडा चारशें सांगितला जाई. संगीतगृहांत कोणाचा सज्जा कोणता, कोणाच्या घरीं भेटपत्रिका टाकावयाची, कोणास 'बाईसाहेब घरीं नाहींत' असें सांगावयाचें, पॅरिसहून आलेला झगा किती दिवस पेटींत ठेवून मग अंगावर घालावयाचा, येथपर्यंत नियम ठरलेले. नव्या धनिकांस जुन्या संगीतगृहांत सज्जे मिळेनात, तेव्हां त्यांनीं १८८३ सालीं स्वतःचें मेट्रोपोलिटन संगीतगृहच उभारलें. या जगाचा व्हार्टनबाईंस जन्मापासून परिचय. १८८५ सालीं त्यांचें लग्नहि त्याच रीतीनें झालें, आणि १९१३ सालीं घटस्फोटानें तें संपलें. घर म्हणजे काय हें त्यांच्याइतकें क्वचितच कोणा कादंबरीकारानें जाणलें असेल, कारण त्यांचें पहिलें महत्त्वाचें पुस्तक, १८९७ सालचें, घरांच्या अंतर्रचनेवरच आहे.

'दि एज ऑफ इनोसन्स'चें कथानक १८७० नंतरच्या दशकांतील. न्यूलँड आर्चर हा सुशिक्षित तरुण वकील. मे वेलंड या सर्वसंमत मुलीशीं त्याचें लग्न ठरलेलें. इतक्यांत मेची मामेबहीण एलन ओलेन्स्का आपल्या दुर्वर्तनी नवऱ्यास सोडून युरोपांतून माहेरीं परत येते. नवऱ्यास सोडलेली बाई त्या समाजास नको असते. तिच्या स्वागतार्थ योजिलेल्या मेजवानीचें आमंत्रण जवळजवळ सर्व घरांनीं नाकारल्याचा प्रसंग प्रारंभींच आहे. आर्चर व ओलेन्स्का यांचें प्रेम जडतें. त्यांना कोणी दटावीत नाहीं, कोणी एक शब्द बोलत नाहीं. शेवटीं ओलेन्स्का युरोपास परत जावयास निघते तेव्हां मेच तिला निरोपाची मेजवानी देते. चांदीचीं ताटें, फुलें, हंसतमुख पाहुणे. आणि त्या टेबलाशीं बसलेल्या आर्चरच्या ध्यानांत येतें कीं, या सर्वांनीं आपणांस केव्हांच प्रियकर-प्रेयसी ठरविलें आहे, आणि ही सुग्रास मेजवानी म्हणजे त्या स्त्रीस बाहेर घालविण्याचा विधि आहे. रक्त न सांडतां झालेला हा वध व्हार्टनबाईंनीं ज्या शांतपणें वर्णिला आहे, त्या शांतपणांतच त्याची भीषणता आहे.

मराठी वाचकांस बहिष्कार ही गोष्ट नवी नाहीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून जें ग्रामण्य माजलें, त्यांत रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांचीं नांवें होतीं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली आणि प्रायश्चित्तांचा खल वर्षानुवर्षें चालला. परंतु आमचा बहिष्कार बोलका होता. नांवें छापलीं जात, सभा भरत, शास्त्रार्थ होई, आरोपीस उत्तर देतां येई. न्यूयॉर्कचा बहिष्कार मुका होता. ज्यावर आरोपच केलेला नाहीं त्यानें उत्तर तरी कशाचें द्यावें? आतां प्रश्न असा येतो कीं, जें दिवाणखान्यांत कोणी कधींच बोलत नाहीं, तें जातें कोठें?

व्हार्टनबाईंच्या चरित्रांत याचें एक उत्तर आढळतें. १८७० सालीं, वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीं, जर्मनींत असतांना त्यांना विषमज्वर झाला. दुखणें उतरणीस लागलें असतां कोणीसें त्यांच्या हातीं चोरांचें व भुताखेतांचें एक पुस्तक दिलें. तें वाचून ताप उलटला आणि जीव जातां जातां वांचला. पुढें कित्येक वर्षें बाहेरून फिरून आलें कीं दार उघडेपर्यंत उंबऱ्याशीं आपल्यामागें कांहीं तरी उभें आहे अशी भीति त्यांना वाटे. वयाच्या सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ज्या खोलींत भुताच्या गोष्टींचें पुस्तक आहे त्या खोलींत त्यांना झोंप येत नसे. अशीं पुस्तकें त्यांनीं जाळूनहि टाकलीं. हें सारें त्यांनीं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. मग त्याच बाईंनीं १९०२ पासून शेवटपर्यंत भुतांच्या गोष्टी लिहाव्या, आणि मरणाच्या वर्षीं 'घोस्ट्स' या नांवानें त्यांचा संग्रह प्रसिद्ध व्हावा, यांत आम्हांस योगायोग दिसत नाहीं. ज्या उंबऱ्याची भीति वाटे तोच ओलांडून त्या आंत गेल्या. त्या गोष्टींपैकीं दोन येथें सांगतों, कारण त्या वाचतांना आम्हांस आपलेंच घर दिसलें.

पहिली 'पॉमेग्रेनेट सीड', म्हणजे डाळिंबाचा दाणा; १९३१ सालची. शार्लट ही केनेथ ॲशबी नांवाच्या वकिलाची दुसरी बायको. पहिली, एल्सी, दोन मुलें ठेवून वारलेली. तिची तसबीर ग्रंथालयांतून काढून मुलांच्या खोलींत नेलेली आहे. घर नव्या बाईचें झालेलें आहे. लग्नानंतरचा प्रवास संपवून दोघें घरीं येतात त्याच दिवशीं मेजावर एक करड्या रंगाचें पत्र पडलेलें असतें. त्यावर तिकीट नाहीं, पत्ता नाहीं, नुसतें नवऱ्याचें नांव. अक्षर अगदीं पुसट. पुढें मधून मधून तशीं पत्रें येत राहतात. पत्र वाचलें कीं नवरा खचतो, म्हातारा दिसूं लागतो, आणि विचारलें तर सांगत नाहीं. दुसऱ्या कोणा स्त्रीशीं त्याचा संबंध असावा असा शार्लटला संशय येतो. एकदां तर तो तें पत्र ओंठांस लावतांना तिला दिसतो. शेवटीं ती त्यास आपल्याबरोबर दूर प्रवासास येण्याचें कबूल करविते. दुसऱ्या दिवशीं तो प्रवासाची व्यवस्था करावयास म्हणून बाहेर पडतो आणि परत येत नाहीं. येतें तें आणखी एक पत्र. सासू-सून मिळून तें फोडतात. एक-दोन शब्दांपलीकडे कांहीं लागत नाहीं. पण सासूचे डोळे भिंतीवरच्या त्या रिकाम्या जागेकडे जातात, जेथें पूर्वीं एल्सीची तसबीर होती. आणि तें अक्षर कोणाचें हें म्हातारीनें ओळखलेलें असतें.

ग्रीक पुराणांत पाताळांतील डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळें पर्सेफोनीस दर वर्षीं तेथें परत जावें लागतें. त्यावरून या गोष्टीचें नांव. परंतु मराठी वाचकास ती समजण्यासाठीं ग्रीक पुराणाची गरज नाहीं. महाराष्ट्रांत पुष्कळ घरांतून अशी चाल होती कीं, दुसरेपणाच्या बायकोनें पहिलीचा चांदीचा टाक करवून गळ्यांत घालावा, किंवा देवघरांत ठेवून त्याची पूजा करावी. नवें लुगडें आधीं त्या टाकास दाखवावें, मग स्वतः नेसावें. भाद्रपदांतील अविधवा नवमी तर अहेव गेलेल्या स्त्रियांसाठींच राखलेली आहे. नव्या बाईच्या पायगुणाची भीति एवढी कीं, तिसऱ्या लग्नाच्या वेळीं पुरुषाचें लग्न आधीं रुईच्या झाडाशीं लावीत, म्हणजे येणारी मुलगी चौथी ठरे आणि तिसरेपणाचें अरिष्ट झाडावर जाई.

या चालींना वेडगळ म्हणणें सोपें आहे. त्यांत कबुली काय आहे तें पाहणें अधिक अगत्याचें. ज्या घरांत बायको गेल्यावर महिना-दोन महिन्यांत नवऱ्याचें दुसरें लग्न ठरे, जेथें गेलेलीविषयीं शोक करावयास कोणास फुरसत नसे, त्या घरास तिचें कांहीं देणें राहिलें आहे एवढें निदान समजत होतें. तें देणें फेडण्याची इतर रीत सुचेना, म्हणून तें दुसरीच्या गळ्यांत बांधलें. बारा-तेरा वर्षांची ती पोर आपल्या सवतीचें चांदीचें तोंड छातीवर वागवीत चुलीशीं बसे. न्यूयॉर्कच्या शार्लटला तेवढीहि सोय नव्हती. तिच्या समाजानें मेलेल्या बाईची तसबीर वरच्या मजल्यावर नेली आणि प्रकरण मिटलें असें मानलें. म्हणून ती बाई टपालानें आली.

आमच्या लोकसमजुतींतील भुतांची यादी एकवार या दृष्टीनें वाचावी. गांवोगांव तपशील निराळा असेल; परंतु अहेव मेलेली ती जखीण, विधवा मेलेली ती लावसट, बाळंतपणांत गेलेली ती हडळ किंवा अळवंतीण, मुंज होऊन लग्नापूर्वीं गेलेला मुलगा तो मुंजा, आणि द्रव्यावर वासना ठेवून गेलेला तो समंध, असा साधारण क्रम आहे. या यादींत सुखानें नांदून, नातवंडें पाहून गेलेली बाई कोठेंच नाहीं. भूत होण्याचा अधिकार आमच्या समाजानें ज्यांचें कांहीं बुडालें त्यांनाच दिला आहे. खानेसुमारींत ज्यांची नोंद दुःख म्हणून झाली नाहीं, त्यांची नोंद या यादींत झाली आहे.

दुसरी गोष्ट 'आफ्टरवर्ड', म्हणजे 'मागाहून', १९१० सालची. नेड बॉइन हा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांत एका खाणीच्या व्यवहारांत अकस्मात् गबर झालेला गृहस्थ. धंदा सोडून तो व त्याची बायको मेरी इंग्लंडांत एक जुनें घर घेतात. हौशी माणसांप्रमाणें त्यांना घरास एक भूतहि हवें असतें. 'आहे,' असें त्यांना सांगण्यांत येतें, 'मात्र तें भूत होतें हें मागाहून, फार मागाहून कळतें.' पुढें एके दिवशीं एक अनोळखी मनुष्य घरीं येतो, मालक कोठें आहेत म्हणून विचारतो, आणि मेरी त्याला सहज ग्रंथालयाची वाट दाखविते. नेड त्या मनुष्याबरोबर बाहेर पडतो, तो कायमचाच. कांहीं काळानें अमेरिकेहून आलेला एक वकील खरी हकीकत सांगतो. खाणीच्या त्या व्यवहारांत एल्वेल नांवाचा एक तरुण धुळीस मिळाला होता. त्यानें स्वतःस गोळी घालून घेतली, दोन महिने तळमळला आणि मेला. वर्तमानपत्रांतील त्याचें चित्र पाहतांच मेरी त्याला ओळखते. ग्रंथालयाची वाट तिनेंच त्याला दाखविली होती.

या गोष्टींत व्हार्टनबाईंनीं दोन गोष्टी फार बारकाईनें सांगितल्या आहेत. पहिली ही कीं, नेडनें कायदा मोडला असें वकीलहि म्हणत नाहीं. तो व्यवहार होता, एक पुढें गेला व दुसरा मागें पडला, एवढेंच. दुसरी ही कीं, ज्या पैशावर आपला सुखाचा संसार उभा आहे तो कोठून आला, हें मेरीनें कधीं विचारलें नव्हतें. प्रेमळ, सुसंस्कृत, घराची रचना सुंदर करणारी बायको. पण हिशेबाची वही तिनें उघडली नाहीं. आमच्या मतें या गोष्टींतील खरें भय त्या पाहुण्यांत नसून या न विचारण्यांत आहे.

आणि येथें यवतमाळकरास थांबावें लागतें. ज्या कापसानें आमच्याकडे वाडे उठविले, त्यानेंच शेतकऱ्यास रोखीच्या पिकास, रोखीच्या सारावसुलीस आणि सावकाराच्या वहीस बांधलें. युद्धानंतर भाव कोसळले त्याचें पर्यवसान १८७५ सालीं पुणें-नगरकडे दिसलें. तेथील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांत शिरून सोनें सोडलें आणि खतें-रोखे बाहेर काढून जाळले. वऱ्हाडांत तसें बंड झालें नाहीं. येथें देणें वाढत गेलें. सावकार बदलले, बियाणें बदललें, भाव परदेशच्या बाजारांत ठरूं लागले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून यवतमाळचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर झालें. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं खास साहाय्य जाहीर केलें, त्यांत आमचा जिल्हा होता. या सर्व व्यवहारांत कायदा कोणी मोडला असें प्रत्येक वेळीं दाखवितां येणार नाहीं. व्यवहार होता, कोणी पुढें गेले, कोणी मागें पडले. आम्ही पांढरपेशे, ज्यांचीं शिक्षणें, घरें व ग्रंथालयें याच मुलुखाच्या उत्पन्नावर झालीं, मेरी बॉइनप्रमाणेंच कधीं विचारावयास गेलों नाहीं.

कोणी आक्षेप घेईल कीं, भुतांच्या गोष्टींचा असा गौरव करणें म्हणजे अंधश्रद्धेस खतपाणी घालणें. आक्षेप हलका नाहीं. भूत लागलें म्हणून बायकांना झालेली मारझोड, चेटकीण म्हणून गांवाबाहेर काढलेल्या विधवा, मांत्रिकांच्या हातीं गेलेलीं मुलें हें सारें याच भूमींतलें आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनीं त्याविरुद्ध आयुष्य वेंचलें, आणि २०१३ सालीं त्यांची हत्या झाल्यावर मगच महाराष्ट्रानें जादूटोण्याविरुद्धचा कायदा केला. भूत मानण्याच्या बाजूनें आम्हांस एक अक्षरहि लिहावयाचें नाहीं. परंतु मांत्रिक आणि कथाकार यांत मूलतः विरोध आहे. मांत्रिक भूत बाटलींत घालतो आणि घरास सांगतो, आतां निश्चिंत झोंपा. कथाकार तेंच भूत दिवाणखान्यांत आणून बसवितो आणि विचारतो, याचें काय देणें लागतां? पहिला घराची झोंप राखतो, दुसरा ती मोडतो.

व्हार्टनबाईंचे समकालीन आमचे हरि नारायण आपटे (१८६४–१९१९). त्यांच्यापुढेंहि तीच बंद खोली होती, किंबहुना अधिक काळोखी. हरिभाऊंनीं मात्र निराळा मार्ग धरला. १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी येऊं लागली, आणि तींत यमूनें स्वतःच्या तोंडानें आपली कहाणी सांगितली. माहेर, सासर, वैधव्य आणि शेवटीं बळजबरीनें झालेलें केशवपन, सारें ती जिवंतपणीं बोलते. जी मेल्यावर लावसट म्हणून पिंपळावर बसावयाची, तिला हरिभाऊंनीं मरणाआधींच माजघरांत बसवून बोलतें केलें. तेव्हांच्या पुण्यांत हें धाडस होतें. आमच्या थोर सामाजिक कादंबऱ्यांत भुतें कां नाहींत, याचें कारण आम्हांस येथें सांपडतें: त्यांतील बायका मरेपर्यंत थांबल्या नाहींत. भुताची गोष्ट पुढें नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्यासारख्यांनीं मराठींत मोठ्या सामर्थ्यानें आणली; परंतु तिचा व आमच्या सामाजिक कादंबरीचा संसार बहुतांशीं निराळाच राहिला. व्हार्टनबाईंनीं दोन्ही एका छपराखालीं आणले, हा त्यांचा विशेष.

'आफ्टरवर्ड'मध्यें एका व्यक्तीचा उल्लेख फक्त वकिलाच्या बोलण्यांत येतो. ती एल्वेलची विधवा. अंथरुणाला खिळलेली सासू आणि मुलें पदरांत. शिवणकाम करून तिनें दिवस काढले, मग स्वतःच आजारी पडली, आणि तिच्या मदतीसाठीं वर्गणीचें आवाहन निघालें. मेलेल्या नवऱ्यास समुद्र ओलांडून इंग्लंडांत येतां आलें. तिला गोष्टींतल्या एका पानावरहि येतां आलें नाहीं. एवढ्या मर्मज्ञ लेखिकेच्या हातूनहि ही बाई बाहेर राहिली, याची आम्हांस खंत वाटत असे.

१९१९ नव्हे, २०१९ च्या जानेवारींत, यवतमाळ येथें ब्याण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. अध्यक्षपदीं अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठीं प्रथम नयनतारा सहगल या इंग्रजी लेखिकेस बोलाविलें होतें. तें आमंत्रण मागें घेण्यांत आलें, त्यावरून मोठें वादळ उठलें, आणि त्यांचें लिहून तयार असलेलें भाषण मंडपाबाहेर सर्व देशानें वाचलें. पाहुण्यास बोलावून दार लावून घेण्याची ही रीत ओलेन्स्काच्या न्यूयॉर्कला नवी वाटली नसती. परंतु त्या रिकाम्या जागेवर पुढें जें घडलें तें तेथें कधीं घडलें नसतें. कळंब तालुक्यांतील राजूर गांवच्या वैशाली येडे यांनीं संमेलनाचें उद्घाटन केलें. कर्जापायीं जीव दिलेल्या शेतकऱ्याची ही विधवा. शेतकऱ्यांच्या विधवांनींच भूमिका केलेल्या श्याम पेठकर यांच्या 'तेरवं' या नाटकांतहि त्यांनीं काम केलेलें होतें. तेरवं म्हणजे मृताचा तेरावा दिवस. आत्म्यास वाटेस लावावयाचें, गोड जेवावयाचें आणि घरानें पुन्हा व्यवहारास लागावयाचें. त्या नाटकांतील बायका तेराव्यानंतर गप्प बसल्या नाहींत.

आम्हां वाङ्मयाच्या उपासकांची सभा म्हणजेहि एक दिवाणखानाच. त्यालाहि सज्जे आहेत, मानपान आहेत, निवडक आमंत्रणें आहेत. त्या दिवशीं त्या दिवाणखान्यांत बंद खोलींतलें माणूस हयात असतांना, दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष येऊन बोललें. तेवढ्यानें देणें फिटलें असें कोणी मानूं नये. टाळ्या वाजवून मंडप उठला, आणि शेताच्या वाटेवर कर्ज होतें तेथेंच होतें. परंतु ऐकणाऱ्यांना यापुढें एक सबब उरली नाहीं. मेरी बॉइनला तो पाहुणा कोण होता हें मागाहून कळलें. आम्हांस तो समोर असतांना कळलें आहे.